कुसळाची साक्ष

दिवाळीच्या सुट्टीत चार विद्यार्थ्यांना गोळा करून रानात भटकायला जाण्याची मला जुनी खोड आहे. मराठीच्या प्राध्यापकाने रानात कशाला जावे, असे आमच्या घरी दरवर्षी विचारले जाते. मीही दरवर्षी ‘शब्द शोधायला’ असे उत्तर देतो. या सदराच्या वाचकांना ही सबब आता पाठ झाली असेल. गेल्या दिवाळीत मात्र शब्द सापडायच्या आधी मला कुसळे सापडली, म्हणजे खरे तर मी त्यांना सापडलो. गडचिरोलीच्या माळावरचे कुसळी गवत त्या दिवसांत पिकलेले असते. त्यातून अर्धा मैल चालून आलेल्या माणसाचे पायमोजे पाहिले, तर साळिंदराला भाऊ मिळाल्यासारखे वाटते.

घरी आलो, ओटीवर बसलो आणि एकेक कुसळ उपटून शेजारच्या बशीत टाकू लागलो. बशीत चहाचे दोन-चार थेंब सांडलेले होते. सौ. काहीतरी बोलत होती आणि मी ‘हूं’ म्हणत होतो. एवढ्यात माझे लक्ष बशीकडे गेले. एक कुसळ हळूहळू स्वतःभोवती फिरत होते. वारा नव्हता, बशीला कोणाचा धक्का लागलेला नव्हता. तरी ते तांबूस-काळे, सुतासारखे कुसळ घड्याळाच्या काट्यासारखे गोल फिरत होते आणि त्याचे वाकलेले टोक जणू कोणाला तरी खूण करीत होते. मी ते उचलून कोरड्या कागदावर ठेवले. थोड्या वेळाने पाहतो तो ते उलट्या दिशेने फिरून पुन्हा पिळदार झालेले!

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. पण प्रत्यक्ष कुसळ नीट पाहण्याची वेळ चाळिशी उलटल्यावर आली. त्यातले मुसळ पुढे निघायचे होते, पण ते मागाहून सांगतो.

सुट्टी संपल्यावर मी ती कुसळे आगपेटीत घालून आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांकडे नेली. हे गृहस्थ सहसा साहित्यिकांना वाऱ्याला उभे करीत नाहीत. पण आगपेटी उघडताच त्यांचा चेहरा खुलला. “अहो, हे तर रॉबर्ट हूकचे यंत्र!” ते म्हणाले. मग त्यांनी मला जे सांगितले ते थोडक्यात असे. हूक हा न्यूटनच्या काळातला इंग्रज शास्त्रज्ञ. सूक्ष्मदर्शकातून त्याने उवा, पिसवा, बुचाच्या झाडाची साल असे काय काय पाहिले आणि १६६५ मध्ये ‘मायक्रोग्राफिया’ नावाच्या ग्रंथात त्याची चित्रे काढून ठेवली. वनस्पतीच्या पेशीला आज आपण ज्या इंग्रजी शब्दाने ओळखतो, तो शब्दही त्याच ग्रंथातला. त्यातच एक प्रकरण रानटी ओटच्या कुसळावर आहे. हे कुसळ दमट हवेत उलगडते आणि कोरड्या हवेत पिळले जाते, हे पाहून हूकने ते एका डबीत बसविले, त्याच्या टोकाला हलका काटा लावला आणि खाली आकड्यांची तबकडी ठेवली. हवेतला ओलावा डोळ्यांना दिसू लागला.

“पुढे १७८३ मध्ये स्वित्झर्लंडच्या सोस्यूरने कुसळाऐवजी माणसाचा केस वापरला,” ते म्हणाले. “केस दमट हवेत किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. ती केसाची आर्द्रतामापके वेधशाळांतून पुष्कळ वर्षे चालली. पण केसाच्या आधी कुसळ होते, हे विसरू नका.”

कुसळ फिरते का, याचे उत्तर मला विशेष आवडले. कुसळातल्या पेशींच्या भिंतींत अतिशय बारीक तंतू तिरप्या वेटोळ्यांनी गुंडाळलेले असतात. भिंत पाणी प्याली की फुगते, पण तंतूंच्या दिशेने तिला फुगता येत नाही. म्हणून ती आडवी फुगते आणि सगळे कुसळ फिरते. वाळले की पुन्हा पीळ पडतो. दिवसाच्या उन्हाने पिळायचे, रात्रीच्या दवाने उलगडायचे आणि असे फिरत फिरत टोकाचे बी जमिनीत घुसवायचे, हा त्या गवताचा संसार. बियाच्या टोकावरचे केस मागच्या बाजूला कललेले असतात, त्यामुळे आत गेलेले बी बाहेर येत नाही. मेंढरांच्या लोकरीत आणि माझ्या पायमोज्यांत ते याच न्यायाने घुसते. कुसळ मेलेले असते, वाळलेले असते, तरी हवेचे ऐकते. हे वाक्य त्या विज्ञानाच्या माणसाच्या तोंडून आले, तेव्हा मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

ही गोष्ट मी बी. ए. च्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सांगितली. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. हा धानोरा तालुक्यातल्या एका लहानशा गावचा मुलगा. घरी आजी आणि तो. बाजारात झाडीबोली, आईच्या गावी गेला की गोंडी आणि माझ्या तासाला प्रमाण मराठी, असे तिन्ही पाणी प्यालेला. तो म्हणाला, “सर, हे यंत्र मोहफुलांसाठी करता येईल का?”

आमच्याकडची मोहफुले ज्यांना ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी सांगतो. मार्चच्या अखेरीपासून एप्रिलभर पहाटे मोहाच्या झाडांखाली पांढुरक्या, रसाळ फुलांचा सडा पडतो. बायकामुले उजाडायच्या आत टोपल्या घेऊन जातात आणि वेचून आणलेली फुले अंगणात पसरतात. तीन-चार दिवस कडक ऊन मिळाले की ती लालसर, मनुकांसारखी होतात. मग घरची बेगमी ठेवून उरलेली विकतात आणि त्या पैशांतून खरिपाचे बी येते. पण या चार दिवसांत अवकाळी पावसाची एक सर आली तर फुले काळी पडतात, आंबतात आणि त्यांना बुरशी येते. आदल्या वर्षी या मुलाच्या घरी तेच झाले होते.

“हवामान खात्याचा इशारा फोनवर येतो ना?” मी विचारले.

“येतो, सर. डोंगर चढून गेलं की येतो,” तो म्हणाला.

मला बोलायला जागा उरली नाही. हवामान खात्याने २०१९ मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘मेघदूत’ नावाची फोनवरची सोय काढली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेचा इशारा देणारी ‘दामिनी’ काढली. दोन्ही नावे मराठीच्या माणसाला मोहविणारी. रामटेक आमच्यापासून फार लांब नाही, तेव्हा मेघदूताचे तर आम्हांला घरचे अगत्य. पण कालिदासाच्या मेघाला डोंगर आडवे आले नाहीत, या मेघदूताला येतात.

तर आम्ही तिघांनी यंत्र करायचे ठरविले. गडचिरोलीत बांबूला तोटा नाही. बांबूचे एक रुंद कांडे घेतले, हवा खेळावी म्हणून त्याला बाजूंनी भोके पाडली आणि तळाशी मेणाने कुसळाचे खालचे टोक पक्के बसविले. कुसळाचा जो भाग वाकतो तिथपासून पुढचे शेपूट कापून टाकले आणि तिथे खराट्याच्या काडीची एक बारीक ढलपी चिकटविली. हा झाला काटा. वर पुठ्ठ्याची तबकडी. खर्च म्हणाल तर डिंकाची एक बाटली.

काटा फिरू लागला, पण तो काय सांगतो हे कसे ठरवायचे? त्यालाही आमच्या प्राध्यापकांकडे उपाय होता. त्यांनी यंत्र एका झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्याबरोबर रात्रभर ठेवले आणि काटा जिथे थांबला तिथे शंभराची खूण केली. मग दुसऱ्या डब्यात चुन्याच्या कळीबरोबर ठेवले, ती कोरडी खूण. आणि तिसऱ्या डब्यात वाटीभर मीठ, ओल्या वाळूसारखे होईल इतकेच भिजवून. बंद डब्यात अशा मिठावरची हवा सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते, थंडी असो की ऊन, त्यात फारसा फरक पडत नाही. स्वयंपाकघरातल्या मिठाने शास्त्राची खूण करून द्यावी, याची मला फार मौज वाटली.

आता उरले तबकडीवरचे शब्द. हे काम अर्थातच माझ्याकडे आले. आकडे नकोत, असे मी ठासून सांगितले. शंभर आणि पंचाहत्तर यांनी अंगणातल्या माणसाला काय कळणार? शब्द हवेत, तेही तोंडात बसणारे. मी दोन रात्री बसून शब्द काढले. ओलीकडून सुरुवात केली: ‘चिंब’, ‘दमट’, ‘बरी’, ‘कोरडी’. सगळ्यांत शेवटी, काटा पार टोकाला गेला की तिथे कोणता शब्द असावा? ‘कडकडीत’ सुचला होता. पण मला तो नुसता हवेचा शब्द वाटला. मला माणसाचा शब्द हवा होता. मी लिहिले, ‘निर्धास्त’.

पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक ती तबकडी बराच वेळ न्याहाळत होते. “हा शेवटचा शब्द जरा…” असे काहीतरी ते पुटपुटले. मी त्यांना ‘निर्धास्त’ची व्युत्पत्ती ऐकविली. ते गप्प बसले.

मार्चमध्ये यंत्र त्या गावी गेले आणि घराच्या पुढच्या वाशाला टांगले गेले. लोक येत, त्यावर फुंकर मारीत आणि काटा सरकलेला पाहून हसत. श्वासातला ओलावासुद्धा त्याला कळतो, याचे सगळ्यांना कौतुक. आजी मात्र, मुलगा सांगत होता, त्याच्याकडे फारसे पाहत नसत.

एप्रिलच्या मध्याला एका सकाळी मुलाचा फोन आला. तो डोंगर चढून आला असला पाहिजे. आवाज अगदी शांत होता. “सर, फुलं गेली.”

मी दुसऱ्याच दिवशी गावी गेलो. अंगणाच्या कोपऱ्यात काळ्या पडलेल्या फुलांचा ढीग होता आणि त्याला आंबूस वास येत होता. घडले ते असे. त्या दिवशी सकाळपासून ऊन भाजत होते. दुपारी आजी अंगणात उभ्या राहिल्या आणि फुले गोळा करायची म्हणू लागल्या. अंगाची तगमग होते आहे, मुंग्यांनी अंडी हलविली आहेत, मावळतीला एक काळा ठिपका आहे, असे त्यांचे म्हणणे. नातवाने त्यांना वाशाकडे बोट करून दाखविले. काटा ‘निर्धास्त’वर होता. सरांनी लिहिले आहे, तो म्हणाला. चार दिवसांची फुले. आजी थांबल्या. तासाभरात वावटळ आली आणि तिच्यामागे गारा घेऊन पाऊस.

यंत्र बिघडले नव्हते. उन्हाळ्यातले वादळ असेच असते. आपल्या अंगणातली हवा शेवटपर्यंत कोरडी ठणठणीत असते, ढग दुसरीकडे वाढत असतो आणि त्यातून कोसळलेला गार वारा येऊन थडकतो, तेव्हाच ओलावा येतो. त्या वाऱ्याबरोबर कुसळ फिरलेही होते, मुलाने पाहिले होते. पण तोवर फुले भिजायला लागली होती. कुसळ आत्ताचे सांगते, पुढचे नाही. माझ्या ‘निर्धास्त’ने मात्र पुढचे सांगितले होते.

मी खाली मान घालून बसलो होतो. आजींनी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, “मास्तर, तुमचं कुसळ खोटं नाही बोललं जी. तुमीच त्याच्या तोंडात जास्तीचं घातलं.”

वाचकहो, वीस वर्षांत माझ्या भाषेवर इतका अचूक शेरा कोणी मारलेला नाही. आणि त्यातली खरी बोच अशी की, आजींना पाऊस कळला होता. छापील दिसणाऱ्या एका शब्दापुढे त्यांनी आपले जाणणे मागे घेतले आणि तो शब्द माझा होता. म्हणीतले मुसळ मला त्या अंगणात दिसले.

परत येताना बसमध्ये मी पुष्कळ विचार केला. आपल्याकडे पावसाच्या खुणा काय थोड्या आहेत? बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो म्हणतात. कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर केले आणि टिटवीने अंडी किती उंचावर घातली, यांवरून लोक अंदाज बांधतात. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या सुमारास घट मांडतात आणि साऱ्या वऱ्हाडाचे तिकडे कान असतात. पंचांगात तर नक्षत्राला वाहनच दिलेले, बेडूक, म्हैस, मोर. यांतले किती खरे ठरते हा प्रश्न वेगळा. पण या सगळ्यांत माणसाला पुढचे कळावे ही तहान आहे. माझ्या तबकडीने त्या तहानेवर खोटे पाणी दाखविले होते.

आणि ज्या हवामान खात्याची आपण ‘शक्यता आहे’, ‘तुरळक ठिकाणी’ म्हणून इतकी वर्षे थट्टा करतो, ते खाते मला त्या दिवशी एकाएकी थोर वाटू लागले. १८७५ साली स्थापन झालेले हे खाते २०२५ मध्ये दीडशे वर्षांचे झाले. दीडशे वर्षे लोकांची थट्टा सोसूनही त्याने ‘शक्यता’ हा शब्द सोडला नाही. मला दोन रात्रीत तो सोडवला होता.

आमच्याच भागातल्या एका माणसाची मला आठवण झाली. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा फारशी नाही, जमीन बेताची. आपल्या बांधीतल्या धानात काही लोंब्या निराळ्या दिसल्या, त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या, असे कैक हंगाम केले. त्यांतून निघालेल्या बारीक तांदळाला त्या वेळी लोकप्रिय असलेल्या एच. एम. टी. घड्याळाचे नाव मिळाले आणि तो तांदूळ देशभर गेला. दादाजी २०१८ मध्ये वारले. दाण्याने जे दाखविले तेवढेच त्यांनी मानले आणि दर हंगामाला पुन्हा दाण्यालाच विचारले. मी कुसळाला एकदा विचारले आणि मग त्याच्या वतीने स्वतःच बोलू लागलो.

नुकसानीचे पैसे देऊ केले, ते आजींनी घेतले नाहीत. धानाच्या बियाण्याची एक पिशवी मात्र उसनी म्हणून ठेवून घेतली आणि एक अट घातली: “यंत्र टाकू नका. पाटी बदला.” मग त्यांनी मला घरात नेऊन फळीवरची एक काचेची बरणी दाखविली. धान किंवा मोहफूल साठवायचे झाले की त्या त्यातले ओंजळभर या बरणीत घालतात, वर कोरडे मीठ टाकतात, हलवितात आणि झाकून ठेवतात. मिठाचे खडे ओले होऊन काचेला चिकटले तर माल ओला, मोकळे राहिले तर भरायला हरकत नाही.

मी हे आमच्या प्राध्यापकांना सांगितले तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. “अहो, हेच ते पंचाहत्तर!” मीठ पाझरू लागते ते पंच्याहत्तराच्या वर. आपण डब्यात मीठ ठेवून जी खूण केली, तीच आजी बरणीत पाहतात. धान्य बंद बरणीत ठेवले की त्यातला ओलावा आणि बरणीतली हवा यांचा तोल जमतो, म्हणून हवा पाहिली की धान्य कळते. मात्र बुरशीला पंचाहत्तर लागत नाही. पासष्ट-सत्तरच्या पुढे ती हातपाय पसरू लागते. म्हणजे मिठाने हरकत नाही म्हटले तरी मधली पाच-दहा टक्के जागा धोक्याची राहते. ती जागा मीठ दाखवीत नाही, कुसळ दाखविते.

असे आमचे यंत्र वाशावरून उतरले आणि बरणीत गेले. आता ते आभाळाचे काहीच सांगत नाही. लहानसे कांडे, आत कुसळ, वर तबकडी. बरणीत ओंजळभर धान घालायचे, यंत्र ठेवायचे, झाकण लावून रात्रभर सोडायचे आणि सकाळी काचेतून काटा पाहायचा. तबकडीवर शब्द दोनच आहेत आणि दोन्ही आजींचे: ‘सुकलं’ आणि ‘अजून नाही’. दोहोंच्या मधली खूण पासष्टावर. कुसळ वर्षभरात थकते, त्याचा पीळ ढिला होतो. मग दिवाळीत रानात जाऊन नवे आणायचे आणि पुन्हा मिठाच्या डब्यात ठेवून खूण तपासायची. आजी आपली मिठाची परीक्षाही सोडीत नाहीत. दोन साक्षीदार असलेले बरे, असे त्यांचे म्हणणे. कुसळ साक्षीदार आहे आणि मी त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसविले होते, हे त्या एका शब्दात आले.

पुढच्या मोहाच्या हंगामात फुले अंगणात पसरली असताना आभाळाकडे कोण पाहणार, असे मी मुलाला विचारले. तो म्हणाला, “आजी पाहील, सर. आणि मी डोंगरावर जाऊन फोन पाहीन. दोघांचं जमलं नाही, तर फुलं गोळा करू.” मला वाटते, हवामानशास्त्राचा एवढा सारांश एका परीक्षेपुरता पुरे.

कालच तो येऊन गेला. उसन्या बियाण्याच्या बदल्यात आजींनी पायलीभर नवे हलके धान पाठविले आहे. बरणीत घालून पाहिलेले आहे, असा निरोप. त्याच्या पायमोज्यांत नवी कुसळे होती. आम्ही दोघांनी ओटीवर बसून ती एकेक करून काढली आणि चांगली निवडून आगपेटीत ठेवली. जुनी तबकडी, ‘निर्धास्त’वाली, मी माझ्या टेबलासमोर भिंतीला लावली आहे. लिहिताना ती दिसते.

आता हे सदर संपवताना वाचकांना शुभेच्छा द्यायच्या. ‘येते वर्ष आपणांस सुखाचे जाईल’ असे लिहिले होते, ते खोडले. ‘सुखाचे जावो’ असे लिहितो. व्याकरणात या रूपाला आज्ञार्थ म्हणतात, पण त्यात आज्ञा नसते आणि भाकीतही नसते, नुसती मनापासूनची इच्छा असते. आपल्या पूर्वजांनी दिवाळीसाठी नेमके हेच रूप राखून ठेवले, हे इतकी वर्षे शिकवूनही माझ्या ध्यानात आले नव्हते.